कडूबाईंच्या पासपोर्टचे नव्वद दिवस

मी कडूबाईंचा पासपोर्ट बोलतोय. माझी मुदत संपलीय, एक कोपरा कापलाय आणि गारखेड्यातल्या त्यांच्या कपाटात नव्या पासपोर्टाखाली मी पडून आहे. त्या कोऱ्याला काय कळणार? परदेश पाहिला तो मी.

कडूबाई निघाल्या होत्या दोन बाळंतपणांसाठी. लेक सोनिया जर्मनीत, मुलगा सत्यम हॉलंडात. सून श्रेयाला आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपण मीच करणार, असा शब्द त्यांनी दिला होता.

फ्रँकफर्टला माझ्यावर शिक्का बसला. काय ऐट होती तेव्हा माझी! ब्याऐंशी दिवस सोनियाकडे, नातीच्या दुपट्यांत गेले. मग आम्ही रेल्वेने हॉलंडला निघालो. सरहद्द आली आणि गेली, पण मला कोणी उघडलंच नाही. जरा रागच आला.

पोचल्यावर कडूबाईंनी सत्यमला परतीचं तिकीट पुढं ढकलायला सांगितलं. श्रेयाला अजून तीन आठवडे होते. सत्यमने मला उघडलं आणि बोटांवर दिवस मोजले. पाहुण्याला तिकडच्या सगळ्या देशांत मिळून नव्वदच दिवस राहता येतं. उरले होते आठ.

“लेकीकडं ऱ्हायलेले दिवस लेकाच्या घरात कसे मोजतेत रं?” कडूबाईंनी विचारलं.

जन्मभर त्यांनी ही दोन घरं वेगळीच धरली होती. लेकीकडं पाहुणी, लेकाकडं घरची. सत्यमकडे राहण्याचा परवाना होता, त्यामुळे त्यालाही दिवस मोजायची सवय नव्हती.

थोडे दिवस जास्त राहिलीस तर काय होतं, असं तो म्हणून पाहत होता. पण नियम मोडला तर पुन्हा यायचा रस्ताच बंद होईल, अशी कडूबाईंना भीती. नव्वदाव्या दिवशी माझ्यावर परतीचा शिक्का बसला. श्रेया दारात उभी राहून रडली होती.

नातू त्यांनी फोनवर पाहिला. पुढं कडूबाईंचे गुडघे धरले. सत्यमने यायचं ठरवलं तर त्याचा परवाना नूतनीकरणात अडकला, नवं कार्ड हातात येईस्तोवर बाहेर पडता येईना. अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. त्या काळात कडूबाई मला काढून त्या शिक्क्यावरून बोट फिरवायच्या. मला त्या दुपारी फार आठवतात.

तुम्ही जाल तेव्हा तिकीट काढण्याआधी माझ्यासारख्याला उघडून दिवस मोजा, एवढंच सांगणं.

परवा सत्यम, श्रेया आणि नातू आले. कपाटाच्या फटीतून मला न्हाणीघर दिसतं. कडूबाईंनी दुखरे पाय लांब केले आणि त्या थोराड नातवाला तान्ह्या बाळासारखं पायांवर पालथं घातलं. तो वळवळायला लागला.

“नीट पड रं,” त्या म्हणाल्या, “पहिली अंघोळ हाय तुझी.”