तळाशी राहणारी ओळ

मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नाही, फळ्यावरचीही नाही. संगणकातल्या एका माहितीपानाच्या अगदी तळाशी माझे घर आहे. माझ्याखाली कुणी राहत नाही. वरची शेजारीण सुद्धा स्वभावाने कोरडी. ती फक्त तारीख कशी लिहावी एवढेच सांगते.

मित्रांनो, तुम्ही संगणकातल्या एआय मदतनिसाला काहीबाही विचारता ना? कायदेमंडळात कोणता कायदा झाला, कोणत्या विधेयकावर कोण काय बोलले, हे सगळे त्याला पाठ नसते. म्हणून त्याच्या हाताशी एक शोधसाधन दिलेले असते. ते साधन नोंदींच्या ढिगात शिरते आणि हवे ते काढून आणते. ते कसे वापरायचे, हे मात्र मदतनिसाला कुणीतरी लिहून द्यावे लागते. आमचे पान म्हणजे तेच लिहिलेले.

हे पान ताईंनी लिहिले. कायदेमंडळाच्या कचेरीतल्या सगळ्यांच्याच त्या ताई. विधेयकाचा क्रमांक कसा द्यावा, वर्ष कुठे घालावे, सगळे त्यांनी नीट मांडले. काम संपले, डबा पिशवीत गेला, खुर्ची आत सरकली. मग त्या थबकल्या. खुर्ची पुन्हा ओढून बसल्या आणि त्यांनी मला लिहिले:

‘जुन्या नोंदी अजून कागदावरच आहेत, म्हणून काही सापडले नाही तर “माझ्याकडे सापडले नाही” असे सांगावे, “असा कायदा नाही” असे सांगू नये.’

शेजारच्या टेबलावर साधन बनवणारा प्रोग्रामर बसे. दिसेल ते छाटायची सवय, म्हणून त्याचे नाव पडले होते कात्री. तो वाकून वाचू लागला.

“हे कशाला, ताई? शेंबड्या पोरालाही कळतं हे.”

“पोराला कळतं रे. याला सांगावं लागतं.”

पुढचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. मदतनीस दर वेळी मला वाचायचा आणि अडला की नम्रपणे म्हणायचा, “माझ्याकडे सापडले नाही.” चाचणी घेणारी मुलगी हसून म्हणाली, “मला माहीत नाही, हे याला म्हणता येतं. आपल्या साहेबांना शिकवा की, ताई!” मला भरून आले. ‘सापडले नाही’ म्हणण्यातही किती काम असते!

मग ताईंना वरच्या मजल्यावर दुसऱ्या साधनाची माहिती लिहायला बसवले. रोज सकाळी कामाला लागण्याआधी आमच्या पानावरून नजर फिरवायची, हा त्यांचा नेम होता. तो मोडला. आणि एके दिवशी कात्रीने मला पुसले.

आमच्यात पुसलेले मरत नाही, मित्रांनो. पानाच्या जुन्या आवृत्तीत ते पडून राहते. तिथे माझ्या सोबतीला एक चुकलेले शीर्षक होते आणि दोन जादा स्वल्पविराम. बिचारे चांगले होते, पण बोलणार काय?

एका दुपारी त्या आवृत्तीत अचानक उजेड आला. समोर ताई होत्या. शेजारी त्यांची धाकटी बहीण छोटी, डोळे सुजलेले. पलीकडे बहिणीची लेक पाय हलवत बसली होती. तिला ऐकू येत नव्हते. ती सगळ्यांचे ओठ बघत होती.

“वर्गात खुणांनी समजावणारं माणूस द्यायला नवी शाळा तयार नाही,” बहीण सांगत होती. “कायद्यात कुठे आहे ते दाखवा म्हणतात. मग तुझ्याच त्या शहाण्याला विचारलं. ठणकावून सांगितलं त्याने, असा कायदा नाही. उद्या नाव काढून टाकते पोरीचं.”

“तो असं म्हणूच शकत नाही, छोटे. मी लिहून ठेवलंय.”

“मग वाच की तुझं लिहिलेलं!”

तेच शोधता शोधता ताई माझ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांनी कात्रीला बोलावले.

“पान लांब होत होतं, ताई,” तो म्हणाला. “प्रत्येक प्रश्नाला तो ते सगळं वाचतो. उगाच वेळ जातो.”

ताईंचा आवाज चढला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “हे हिला सांग.” आणि त्यांनी मुलीकडे हात केला.

कात्रीने मुलीकडे पाहिले. ती त्याच्या ओठांकडे बघत वाट पाहत होती. तो संगणकासमोर बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने मला उचलून माझ्या जागी ठेवले. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. मदतनिसाने मला वाचले आणि उत्तर दिले, “माझ्याकडे सापडले नाही. जुन्या नोंदी कागदावर आहेत; तिथे पाहावे.”

“चला,” कात्री म्हणाला, “शिडीवर मी चढतो.”

सगळे तळमजल्यावरच्या कागदांच्या खोलीत गेले. मी वाट पाहत राहिले. संध्याकाळी परत आले तेव्हा कात्री धुळीने पांढरा झाला होता आणि छोटीच्या हातात एका जुन्या कायद्याची छायाप्रत होती. अशा मुलांना वर्गात खुणांनी समजावणारे माणूस शाळेने दिलेच पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

“आता बघते शाळा कशी नाही म्हणते ते!” छोटी म्हणाली. हसता हसता तिने ताईंच्या पदराला डोळे पुसले.

मुलगी शाळेत राहिली. परवा ती आईबरोबर कचेरीत आली होती. ताईंनी तिला आमचे पान दाखवले. तिने पडद्यावर बोट ठेवून मला शेवटपर्यंत वाचले, मग आईकडे वळून हातांनी भराभर काहीतरी विचारले.

“काय म्हणते गं?” ताईंनी विचारले.

“म्हणते, एवढीशीच?”

हो गं बाळ, एवढीशीच आहे मी. म्हणून तर सांगते, मित्रांनो, काहीही पुसण्याआधी तळापर्यंत वाचत जा. तिथे कुणीतरी, घरी निघता निघता, कुणासाठी तरी पुन्हा खुर्ची ओढून बसलेले असते.