साक्षीच्या नावापुढचा नंबर

मुलं उभी होती. शिकवणीच्या शेवटी आम्ही जर-तरचा खेळ खेळतो. मी टाळी वाजवली तर उभं राहायचं, टेबल वाजवलं तर खाली बसायचं. नुकतीच टाळी झाली होती, आणि पिंकी एका पायावर उभं राहून बाकीच्यांना हसवत होती. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला.

'नमस्कार साक्षी. फ्लॅट तुमच्यासाठी तयार आहे. चाकणचा पत्ता आणि दाराचा कोड खाली दिला आहे.' खाली बारीक अक्षरात आलं होतं: 'वाचला'.

मी ते पुन्हा वाचलं. साक्षीचा फोन सकाळीच बंद करून मी माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला होता. मग मेसेज वाचला कोणी?

साक्षी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. काल ती एक पिशवी घेऊन आमच्या दिघीच्या घरी आली. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. "मावशी, या वेळी त्यानं गळा धरला," एवढंच बोलली. तिच्या नवऱ्याला, सुजितला, दिघीचं घर ठाऊक आहे. चाकणचा फ्लॅट ठाऊक नाही. म्हणून माझ्या मुलानं, सलिलनं, आज सकाळी तिला तिथं सोडलं आणि तो हिंजवडीला कामावर गेला.

सलिलचे दोन फ्लॅट आहेत, एक चाकणला, एक हिंजवडीत. कंपन्यांमध्ये मशीन बसवायला येणाऱ्या पाहुण्यांना तो ते थोड्या दिवसांसाठी देतो. पाहुण्यांना मेसेज सॉफ्टवेअर पाठवतं, प्रत मला येते. कधी काय पाठवायचं याच्या अटी सलिलनं घालून ठेवल्यात. बुकिंग पक्कं असेल आणि येण्याचा दिवस असेल, तर पत्ता आणि कोड पाठव. मधेच दुसऱ्या कोणी फ्लॅट घेऊ नये म्हणून आज त्यानं साक्षीच्या नावानं बुकिंग केलं होतं.

मी त्याला फोन लावला. "सलिल, साक्षीच्या नावापुढे नंबर कोणाचा आहे?"

"तिचाच असणार ना. आई, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर..."

"बघून सांग."

की-बोर्डची खटखट ऐकू आली. मग त्याचा आवाज एकदम लहान झाला. "सुजितचा आहे."

गेल्या वर्षी त्यांच्या घराचं छत गळत होतं, तेव्हा दोघं सलिलच्या काळेवाडीच्या जुन्या फ्लॅटवर येऊन राहिले होते. नाव आमच्या मुलीचं लिहिलं, नंबर जावयानं दिला. आमच्याकडे असंच चालतं, कोणाला काही वाटलं नाही. आज सलिलनं नाव टाकल्याबरोबर सॉफ्टवेअरनं तो जुना नंबर आपणहून भरला होता.

"घाबरू नकोस, मी कोड बदलतो," सलिल म्हणाला.

"बदल, लवकर बदल."

फोन पुन्हा वाजला. 'नमस्कार साक्षी. तुमच्या दाराचा कोड बदलला आहे. नवा कोड खालीलप्रमाणे.' आणि मी बघत असतानाच खाली उमटलं: 'वाचला'.

"आई, तीपण माझीच अट आहे गं. कोड बदलला तर पाहुण्याला लगेच कळव."

माझा हात टेबलावर जोरात आपटला, आणि सगळी मुलं मुकाट्यानं खाली बसली. हा खेळ आहे की बाई चिडल्यात, हे एकानंही विचारलं नाही. मी जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं.

मी मुलांना घरी पाठवलं. मग सलिलला त्याच आवाजात सांगितलं, ज्या आवाजात रडणाऱ्या मुलाकडून पाढा म्हणवून घेते. "आता कशाला हात लावू नकोस. आधी सगळ्या अटी मला वाचून दाखव. हळू."

त्यानं वाचल्या. मग आधी सुजितचा नंबर काढून माझा घातला आणि त्यानंतर कोड बदलला. या वेळी मेसेज मला आला, एकटीला. मला जरा बरं वाटलं. पण पत्ता सुजितकडे गेलाच होता, आणि त्याच्या भोसरीच्या कंपनीतून चाकणला पोचायला त्याला वेळ लागणार नव्हता. सलिलनं ऑफिसच्या फोनवरून पोलिसांना कळवलं.

साक्षीकडे फोन नाही. म्हणून मी चाकणच्या फ्लॅटसमोरच्या दारातल्या यशोदाबाईंना फोन केला. त्या मूळच्या चाकणच्याच.

"ती व्हय? ती तर आत्ताच खाली गेली, बाई. दूध आनते म्हनली."

दार ओढलं की आपोआप बंद होतं, आणि नवा कोड तिला माहीत नाही. सुजितसाठी बंद केलेलं दार तिच्यासाठीही बंद झालं होतं. ती दुधाची पिशवी घेऊन तिथंच उभी राहणार, आणि जिन्यातून तो वर येणार.

"यशोदाबाई, ती आली की तिला तुमच्या घरात घ्या. दारात उभी राहू देऊ नका. तिचा नवरा येतोय, त्यानं गळा दाबलाय तिचा. आणि फोन बंद करू नका."

"न्हाई करत. सुनंला जिन्यात उभी करते."

मी सलिललाही त्याच कॉलवर घेतलं. आम्ही दोघं ऐकत राहिलो. कुकरची शिट्टी. कोणाचा तरी टीव्ही. मग चपलांचा आवाज आणि साक्षी, "काकू, कोड लागत नाहीये..."

"आधी आत ये. यं म्हनते ना!"

कडी लागली. मी श्वास सोडला, तोवर जिन्यात बूट वाजले. मग कीपॅडची बटणं, आणि चुकीच्या कोडचा लांब आवाज. पुन्हा बटणं. पुन्हा तोच आवाज.

यशोदाबाईंनी साखळी लावून दार किलकिलं केलं असावं. "कोन पायजे?"

"मावशी, नमस्कार. इथं माझी मिसेस उतरली आहे." सुजितचा आवाज गोड होता. चारचौघांत तो नेहमी असाच बोलतो. ओरडला असता तर मी इतकी घाबरले नसते.

"हितं कंपनीचे पावनं असत्यात. मिसेसबिसेस आमी न्हाई बगितली."

"मला मेसेज आलाय. हा बघा, कोडसुद्धा आहे."

"मग उगडंना का?"

"उघडेल. मी बसतो इथं पायरीवर. घाई नाही मला."

सलिल कुजबुजला, "पोलीस निघालेत, पण नाशिक रस्त्याला अडकलेत."

साक्षी एका भिंतीपलीकडे होती. तिला शिंक आली असती, हातातून भांडं पडलं असतं, तरी पुरे होतं. तो मात्र मेसेजवर विश्वास ठेवून बसला होता.

"सलिल, पाहुण्याचा फ्लॅट बदलला तर काय होतं?"

"नवा पत्ता जातो. नंबर बदलला तरी पत्ता आणि कोड पुन्हा जातो." तो थांबला. "हिंजवडीचा रिकामाच आहे. गेटवर सिक्युरिटी आहे. मीपण तिथं पोचतो."

"मग त्याचा नंबर परत घाल."

हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले कोण जाणे.

"थांब! आधी फ्लॅट बदल. मग नंबर. उलटं झालं तर?"

"तर चाकणचा नवा कोड त्याला जाईल," सलिल म्हणाला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. "आधी फ्लॅट. केलं. आता नंबर. आई, करू?"

"फ्लॅट बदललाय का, पुन्हा बघ."

"बदललाय."

"कर."

चाकणच्या जिन्यात सुजितचा फोन वाजला. मी डोळे मिटून घेतले.

"अरेच्चा," तो म्हणाला. "हिंजवडी. मावशी, फ्लॅट बदललाय, चुकून आलो."

"म्हनलं न्हवतं? उगं म्हातारीला उटवलं."

बूट जिना उतरू लागले, मधे एकदा थांबले, मग उतरत गेले. यशोदाबाईंनी कडी लावली. तेव्हा कुठं मागून साक्षीचं रडणं ऐकू आलं. इतका वेळ तिनं तोंडात ओढणी कोंबली होती, हे मला नंतर कळलं.

मी रिक्षानं चाकणला गेले आणि तिला घेऊन थेट पोलीस स्टेशनात आले. सलिल हिंजवडीच्या गेटवर तिथल्या पोलिसांबरोबर उभा होता. त्याचा फोन आला, "अजून नाही पोचला, आई. ट्रॅफिक." या ट्रॅफिकला रोज शिव्या देणारा माझा मुलगा आज तो शब्द जपून उच्चारत होता. पण सुजित खरंच ट्रॅफिकमध्ये होता, की वाटेत त्याला शंका आली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दारात कोणी आलं की साक्षी खुर्चीवरून अर्धी उठत होती. मीही.

महिला पोलिसानं तक्रार लिहायला घेतली. नाव झालं, पत्ता झाला. "मोबाइल नंबर?"

साक्षी भराभर आकडे सांगू लागली. त्या पोलीस पोरीनं ते लिहून घेतले. आणि साक्षी मधेच गप्प झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, हा त्याचा नंबर आहे."

"खोडा तो," मी त्या पोरीला म्हणाले. "साक्षी, तुझा सांग."

"मला माझा आठवतच नाही गं. सगळीकडे त्याचाच देत आले."

बाहेर एक मोटारसायकल थांबली. आम्ही तिघींनी दाराकडे पाहिलं. एक हवालदार हेल्मेट काढत आत आला.

मी साक्षीचा हात हातात घेतला. तो गार होता, आणि माझाही काही वेगळा नव्हता.

"आठवेल," मी म्हणाले. "घाई नको. पहिला आकडा सांग."