न दुखणारी जखम

“वहिनी, बाबांच्या पावलांकडे रोज बघत जा हं. साखरेमुळे त्यांचे पाय बधिर झालेत. टाचणी टोचली तरी त्यांना कळायचं नाही.”

नणंदेने फोनवर हे सांगितलं तेव्हा सून एका हाताने लेकीला भरवत होती. “हो हो, बघते,” म्हणत तिने फोन ठेवला. लांबून सूचना द्यायला काय जातं! बाबा काही लहान नाहीत. दुखलंखुपलं तर सांगतील की.

तसं पाहिलं तर तिच्याइतकं सावध त्या घरात दुसरं कोणीच नव्हतं. लेक रांगायला लागल्यापासून टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला तिने स्पंज चिकटवला होता. लेकीच्या गुडघ्यावर साधा ओरखडा उठला तरी त्याचा फोटो डॉक्टरांकडे जायचा. डॉक्टर हसायचे, पण हिचा जीव काही थाऱ्यावर यायचा नाही. फक्त तिची ही सगळी काळजी घरातल्या एकाच जिवापुरती होती.

सासरे घड्याळं दुरुस्त करणारे. दुकान बंद केलं तरी खिडकीपाशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून ते ओळखीपाळखीच्यांची घड्याळं उघडून बसायचे. नव्या बुटाने त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला आणि फुटला. एका सकाळी ते खुर्चीत बसून पट्टी बदलत होते. वापरलेला कापूस जमिनीवर होता आणि लेक नेमकी तिकडेच निघाली.

“बाबा! अहो, हे इथे काय? ही सगळं तोंडात घालते. किती जंतू असतात त्यात! बाथरूममध्ये जाऊन करा ना.”

“चुकलंच माझं,” बाबा म्हणाले. कापूस गोळा करून ते उठले आणि आत गेले.

एवढंच झालं. भांडण नाही की रुसवाफुगवा नाही. पण त्या दिवसापासून बाबांच्या पायात कायम मोजे दिसू लागले.

“बरी आहे ना जखम?” सून येता-जाता विचारायची.

“अगदी! दुखतसुद्धा नाही.”

ती निर्धास्त व्हायची. दुखत नाही म्हणजे भरत आली असणार.

बाथरूममध्ये कसलासा वास येऊ लागला, तेव्हा तिने मोरी घासून काढली. फरशी पुसायचं औषध भराभर संपू लागलं, तेव्हा ती नवऱ्यावर करवादली, “हे औषध काय कुणी पितंय की काय?” नवरा हसला. बाबांनी घड्याळात डोकं आणखी खाली घातलं.

मग एका सकाळी लेकीने आजोबांच्या पायाला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. तिच्या मुठीत मोजा आला, तिने तो ओढला. सुनेने पाहिलं तर लेकीचा तळवा ओला, पिवळसर!

ती धावली. लेकीला उचललं, बेसिनपाशी नेलं, साबण लावून तिचे हात दोनदा धुतले. आणि मग, सगळं झाल्यावर, तिने मागे वळून बाबांच्या पायाकडे पाहिलं.

अंगठा काळा पडला होता. खाली खोल खड्डा, त्याच्या कडा पांढऱ्याफटक, फुगलेल्या.

“घाबरू नकोस गं,” बाबा म्हणाले. “खरंच दुखत नाहीये.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाऊल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. “काका, रोज काय लावत होता?”

“बादलीत औषध टाकून पाय बुडवत होतो. फरशीचं असतं ना, ते. जंतू मरायला हवेत. घरात तान्ही नात आहे हो.”

सुनेला वाटलं, जमीन दुभंगावी.

“काका, तुमचा उद्योग काय?”

“घड्याळं. बिघडलं तर पार्ट बदलतो. तुमच्याकडे मिळतील का अंगठ्याचे पार्ट?”

“नाही ना! इथे शरीरालाच ते घडवावे लागतात,” बाई म्हणाल्या. “जखम झाली की आधी रक्त गोठून तोंड बंद करतं. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेलं मांस साफ करतात. मग तळापासून लाल, दाणेदार मांस भरत येतं, त्यात केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या फुटतात. शेवटी कडांकडून नवी कातडी सरकत सरकत मधे येते. ही सगळी माणसं रोज कामावर येत होती हो तुमच्या पायात! साखरेने आधीच त्यांचे हातपाय बांधलेले. त्यात तुम्ही बादलीभर औषध ओतत होता. त्या औषधाला जंतू कुठला आणि नवी पेशी कुठली, हे कळत नाही. आणि दुखणं म्हणाल, तर ते पहारेकरी. तुमचा पहारेकरी कधीच झोपलाय. म्हणून तर दुसऱ्या कुणीतरी बघायचं असतं!”

अंगठा काढावा लागला. पाऊल वाचलं, पण थोडक्यात.

सून खाटेजवळ बसून रडली. “बाबा, मला दाखवलं का नाहीत?”

“अगं, तूच म्हणालीस ना जंतू असतात. मग तुझ्यापुढे कसं धरायचं?” मग तिचे डोळे पाहून ते घाईने म्हणाले, “जाऊ दे. बुटात आता ऐसपैस जागा झाली बघ!”

ती हसू शकली नाही. बाहेर येऊन तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं. “हे माझ्यामुळे झालं का?”

बाईंनी तिची खोटी समजूत घातली नाही. “काही साखरेमुळे झालं, काही बुटामुळे. आणि काही, जखम लपवावी लागली म्हणून. एवढं शेवटचं तुमच्या हातात होतं.”

हे वाक्य तिला आजही सुखाने जेवू देत नाही. आता पट्टी खिडकीपाशी, भरपूर उजेडात बदलली जाते. ती स्वतः हात धुऊन, डॉक्टरांनी दिलेल्या खारट पाण्याने जखम धुते. लेकीला तिथून हाकलत नाही, जरा दूर बसवते, एवढंच. तळाशी लाल दाणे दिसू लागले त्या दिवशी ती बाबांना म्हणाली, “कामावर आलीत हं तुमची माणसं!” आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडली.

वाचकहो, आपल्या घराघरांत अशी माणसं आहेत. आपल्या एका शब्दाने ती मोजे चढवतात, दार लावून घेतात आणि “काही नाही, बरं आहे” म्हणतात. त्यांच्या न दुखण्यावर विश्वास ठेवून आपण मोकळे होतो. स्वच्छतेच्या, सोयीच्या नावाखाली आपण कुणाला लपायला लावतो आहोत, हे ज्याने त्याने तपासायला हवं. जखम भरण्याचं काम शरीर करतं. तिला उजेडात आणण्याचं काम मात्र माणसांनीच करायचं असतं.

तेव्हा हे वाचून झालं की बाजूला ठेवा आणि उठा. घरात कुणी वयस्कर असेल, शेजारी कुणी एकटं राहत असेल, त्यांच्याकडे जा. ते म्हणतील, “कशाला उगीच?” म्हणू देत. तुम्ही खाली बसा, पाऊल मांडीवर घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.