स्टिअरिंगवरची वादी

ती वादी मी स्वतःच्या हाताने ब्लेडने कापली, हे आधीच सांगून टाकतो. मिस्त्रीचा त्यात काही दोष नाही.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा शाळा सोडून तो कारखान्यात लागला आणि मी शिकलो. पुढे मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो आणि छत्तीस वर्षं तेच केलं. मूळ प्रत डावीकडे, छापलेलं पान उजवीकडे. मुळात नसलेलं पानात काही दिसलं की लाल शाईने काट मारायची. दादा मला पुस्तक्या म्हणायचा. त्यात राग नसायचा, पण फारसा आदरही नसायचा.

एकतीस वर्षांपूर्वी कारखान्यात एका यंत्राच्या पट्ट्यात दादाची बाही अडकली आणि डावा हात कोपरापासून पिळवटला गेला. चार महिन्यांनी प्लास्टर निघालं. “झाला बरा,” तो म्हणाला. दादाच्या बोलण्यावर शंका घ्यायची आमच्या घरात रीत नव्हती. त्यानंतर त्याने आपली साधी गाडी विकली, आणि दोन महिन्यांनी कुठूनतरी ही जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आला. गडद हिरवी, बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. आणि स्टिअरिंग डावीकडे. आमच्याकडे सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. गल्लीतली माणसं गाडीकडे बघायची आणि चालकाच्या जागी कुणीच नाही म्हणून दचकायची.

“ही उलटी गाडी कशाला घेतलीस?” मी विचारलं होतं.

“मला वेगळं काहीतरी आवडतं,” दादा म्हणाला.

मी ते खरं मानलं.

दर रविवारी सकाळी तो गाडी काढून एकटाच पुलापर्यंत जाऊन यायचा. वहिनीलाही न्यायचा नाही. “हा एक तास माझा,” म्हणायचा. मला त्याने एकदाच बसवलं. पुढे ट्रक होता. डाव्या सीटवरून समोरचं काही दिसेना, म्हणून ओलांडायला दादा गाडी इतकी उजवीकडे काढायचा की उजवीकडे बसलेला मी आधी मरणार, असं मला वाटलं. परत येईपर्यंत मी रस्त्यावरून नजर हलवली नाही. दादा हसून हसून बेजार झाला.

मग इंजिन जाम झालं आणि गाडी शेडमध्ये पडून राहिली. दोन वर्षांनी दादा जिन्यावरून पडला. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी त्याला आणि वहिनीला आपल्या घरी, दुसऱ्या गावी घेऊन गेली. निघताना त्याने शेडची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“परत आलो की गाडी चालू करायचीय,” तो म्हणाला. “एकदा स्वतः चालवत पुलापर्यंत जाऊन येतो. मग मोडीत काढा मला आणि तिला, दोघांना.”

“मी बघतो काहीतरी.”

“तू काही बघू नकोस. उंदीर शिरले नाहीत ना, एवढंच बघ. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण हात लावू नकोस, हे तो मला लहानपणापासूनच सांगत आला होता. माझ्या हाताला यश नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, एकदा तरी त्याच्यासाठी काहीतरी धड करून दाखवावं. सत्तरी उलटल्यावर असलं काही डोक्यात येऊ नये. पण आलं.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला त्याच गाडीची दुरुस्तीची पोथी मिळाली, तीनशे बारा पानी. तिच्यात कुणीतरी एका मासिकातलं कात्रण ठेवलं होतं: डावं स्टिअरिंग उजवीकडे कसं आणावं, अकरा पायऱ्या, आकृत्यांसकट. मी ते सहा वेळा वाचलं. ट्रक आठवला. दादाचं वय आठवलं. आता तो ट्रकमागून डोकावणार कसा? गाडी नुसती चालू करून भागणार नाही, ती सरळ करून द्यायला हवी, असं माझ्या मनाने घेतलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला जुन्या गाड्यांचं काम करणारा एक मिस्त्री होता. दादाला त्याने कधी पाहिलं नव्हतं. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, “इंजिन करतो, ब्रेक करतो, पत्रा करतो. पण स्टिअरिंग इकडे आणायचं म्हणजे गाडीच्या पोटात हात घालायचा. मालकांना विचारलंय ना?”

“त्यांच्यासाठी सरप्राइज आहे.”

“काका, सरप्राइज म्हणून माणसं पेढे... म्हणजे, घड्याळ वगैरे देतात.”

“सगळं लिहिलेलं आहे,” मी पोथी पुढे केली.

“मग काय, वाचा तुम्ही आणि मी ठोकतो.”

सात महिने तसंच चाललं. मी रोज सकाळी दहाला शेडमध्ये स्टुलावर बसून वाचायचो आणि मिस्त्री गाडीखालून ओरडायचा, “पुढे?” इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधला पत्रा डावीकडे बंद करायचा होता, उजवीकडे भोक पाडायचं होतं. उजवीकडून धुराड्याचा पाइप जात होता. त्याला चुकवून स्टिअरिंगचा दांडा खाली न्यायचा, तर मध्ये सांधा घालावा लागला. पेडलं हलली, बॅटरी हलली. वायपर उलट्या दिशेला झोपवायचे राहिले, ते माझ्या लक्षात आलं. “काकांची नजर म्हणजे नजर आहे,” मिस्त्री म्हणाला, आणि मी दिवसभर खूश होतो.

उजव्या बाजूचा स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे दांड्याच्या टोकाचा दात्यांचा डबा, कुठे मिळेना. शेवटी परदेशातल्या एका माणसाचा पत्ता लागला. त्याला नेमका डाव्या बाजूचा हवा होता. आम्ही अदलाबदल केली. दादाचा बॉक्स मीच गोणपाटात गुंडाळून पाठवला.

स्टिअरिंग नव्याने मढवायचं होतं त्या दिवशी ती वादी दिसली. त्याच्या गोल कडीच्या डाव्या अंगाला चामड्याची एक रुंद पट्टी शिवलेली होती, मनगट आत जाईल एवढा तिचा फुगा. आतून घामाने काळी पडलेली, पुसून पुसून मऊ झालेली. टाके दादाचेच होते. तो टाका मी ओळखतो, माझं दप्तर तोच शिवायचा.

“हे काय हो?” मिस्त्रीने विचारलं.

मी पोथी उघडली. स्टिअरिंगची आकृती पान दोनशे चौदावर होती. वादी त्यात नव्हती. पुरवणीतही नव्हती.

“मुळात नाही,” मी म्हणालो. “काहीतरी अडकवायला असेल. काढून टाकू.”

आणि खिशातलं ब्लेड काढून मी टाके उसवले. पट्टी मधोमध चिकटली होती, म्हणून तिथे कापली. दोन तुकडे एका पाकिटात घातले आणि पाकिटावर लिहिलं, ‘मूळ भाग नाही.’

दादा परत आला तो काठी टेकत, पण ताठ. डॉक्टरांनी जपून गाडी चालवायला परवानगी दिली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्याला शेडमध्ये नेलं. वहिनी मागून चहाचे कप घेऊन आली. मिस्त्री नवा शर्ट घालून उभा होता. मी कापड ओढलं.

हिरवा रंग आरशासारखा झाला होता. दादाने पुढच्या चाकावरून हात फिरवला, दिव्यावरून फिरवला. मग तो सवयीने डाव्या दाराशी गेला, दार उघडलं आणि तिथेच थांबला.

“इकडे, दादासाहेब!” मिस्त्री उजवं दार उघडून म्हणाला. “आता तुम्ही जगाच्या बाजूने!”

दादाने डावं दार लावलं. वळसा घालून तो उजवीकडे येऊन बसला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. त्याने डाव्या पायाने क्लच दाबला आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला. ठेवला, म्हणजे उजव्या हाताने उचलून तिथे नेऊन ठेवला. बोटं मुठीवर वळली, पण दांडा हलला नाही. त्याने खांदा लावला, अख्खं अंग ढकललं. घर्र आवाज झाला. मग त्याने उजवा हात स्टिअरिंगवरून सोडून आडवा आणला आणि गिअर टाकला. गाडी निघाली तशी स्टिअरिंगवर कुणाचाच हात नव्हता. चार पावलं जाऊन गाडी वाकडी झाली आणि बंद पडली. दादाने खुब्यावर हात दाबला. डोळे मिटले.

“गिअर कडक आहे का?” मिस्त्री घाबरून म्हणाला. “सैल करतो मी, दादासाहेब. दोन मिनिटांचं काम.”

“गिअर ठीक आहे,” दादा म्हणाला. “काम चोख झालंय. कुणी केलं?”

“वाचन काकांचं, हात माझे.”

दादाने माझ्याकडे बघितलं. मग स्टिअरिंगच्या डाव्या अंगावरून, नव्या मढवणीवरून, अंगठा फिरवला, जिथे वादी होती तिथे. “छान,” तो म्हणाला. आणि काठी घेऊन घरात गेला.

मला अजून नीट कळलं नव्हतं, हे लिहायला लाज वाटते. वहिनी कप तसेच घेऊन उभी होती.

“भाऊजी,” ती हळूच म्हणाली, “त्यांच्या डाव्या हातात तीस वर्षांत जोर नाही.”

“पण बरा झाला होता ना?”

“शर्टाची बटणं मी लावते त्यांची. तुम्हाला कसं दिसणार, पूर्ण बाह्या. डावा हात त्या पट्टीत अडकवायचे, स्टिअरिंग धरून ठेवायला. गिअर सगळा उजव्या हाताने. म्हणून तर शोधून शोधून उलटी गाडी आणली. त्यांना वाटतं, गाडीचं हे गुपित मलाही माहीत नाही. म्हणून मी कधी त्या गाडीत बसायचा हट्ट केला नाही.” तिने एक कप माझ्या हातात दिला. “एक फोन करून मला विचारायचं होतं हो.”

तीस वर्षं मी त्याच्या समोर बसून चहा प्यायलो. तो कप नेहमी उजव्या हाताने उचलायचा आणि बशी टेबलावरच राहायची. मी दुसऱ्यांच्या पुस्तकातला निसटलेला अनुस्वार पकडत होतो.

दुपारी मिस्त्रीला सांगितलं, सगळं होतं तसं करा. तो गाडीखाली जाऊन आला आणि बराच वेळ हात पुसत बसला. “बॉक्स तर समुद्रापार गेला, काका. आणि मधला पत्रा दोनदा कापलाय. तिसऱ्यांदा कापला तर इंजिन धरायला काही उरणार नाही. मी खोटं कशाला बोलू?”

दादाकडे गेलो. तो खिडकीशी बसला होता. पाकीट त्याच्यापुढे ठेवून म्हणालो, “माझं चुकलं.”

त्याने वादीचे दोन तुकडे काढले, जोडून बघितले, पाकिटावरचं माझं अक्षर वाचलं. त्याने मला चार शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो.

“तू चांगल्यासाठी केलंस,” तो म्हणाला. एवढ्या सौम्यपणे तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

तीन दिवसांनी त्याने मला शेडमध्ये बोलावलं. तो डाव्या सीटवर बसून होता. “बस तिकडे,” उजवीकडे बोट दाखवून म्हणाला.

“मला येत नाही. तरुणपणी तू शिकवलंस तेव्हा मी फाटक पाडलं होतं.”

“आता फाटक लोखंडी आहे. बस.”

मी बसलो. स्टिअरिंग माझ्याकडे, पेडलं माझ्याकडे; गिअरचा दांडा आमच्या मध्ये, दादाच्या उजव्या हाताशी.

“क्लच,” तो म्हणाला. “क्लच म्हणतोय, पुस्तक्या! पान नाही उलटायचं, पाय दाबायचाय.”

मी पाय दाबला. त्याने गिअर टाकला, अलगद, लोण्यातून सुरी फिरावी तसा. गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही गेलो आणि आलो. मी घामाने चिंब झालो होतो. कडेला बघायचा मला धीर नव्हता, पण एकदा नजर गेलीच. दादाचा डावा पाय, माझ्या पायाबरोबरच, रिकाम्या पायदानावर दाबला जात होता. डावा हात मांडीवर उताणा पडलेला होता.

त्यानंतर मी ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. शिकवणाऱ्याने माझं वय वाचून फॉर्म दोनदा उलटसुलट करून पाहिला. पाच महिन्यांनी लायसन्स मिळालं. आता आम्ही पुलापर्यंत जातो. दोघं मिळून गाडी चालवतो, असं वहिनी लोकांना कौतुकाने सांगते. लोक म्हणतात, काय भावाभावांचं प्रेम! दादा मान डोलावतो.

पूर्वी रविवारी सकाळी तो कुणाला न सांगता उठायचा आणि किल्ली घेऊन निघायचा. आता शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे फोन येतो. मला हुकूम सोडण्यापलीकडे दादा कधी काही बोलला नव्हता, पण फोनवर तो आधी माझी तब्येत विचारतो, मग जरा थांबतो.

“उद्या तुला वेळ आहे का?” तो म्हणतो. “नसेल तर राहू दे. माझं काही अडत नाही.”