पुलाच्या अलीकडचा निळा माणूस

लेकरांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. पत्र्याच्या खोलीत लाकडी खोक्यावर ठेवलेला एक छोटा टीव्ही बघा. पुढं अंथरलेली काळी घोंगडी. टीव्हीला जोडलेलं खेळाचं यंत्र, त्यात खोचलेली पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. रिमोटच्या वायरी इतक्या आखूड, की खेळणाऱ्या दोघांना खांद्याला खांदा लावूनच बसावं लागे. बसलात? आता त्या दोघांना भेटू.

दिपाली आणि तिचा मोठा भाऊ प्रभू. गाव आखाडा बाळापूरजवळचं, घरी मेंढरं. साल असेल दोन हजार चार. त्यांच्या खेळात दोन माणसं होती. दिपालीचा लाल, प्रभूचा निळा. ठोकळ्यांची, नाक-डोळे नसलेली. दोघांनी मिळून पूल, डोंगर ओलांडत महालापर्यंत जायचं. तो महाल त्यांनी कधी पाहिला नाही. त्या खेळाच्या काही लक्षातच राहत नसे. लाईट गेली, की पुन्हा पहिल्यापासून. आणि लाईट तर रोजच जायची.

"तू बसलीस की लाईट जातीच बराबर," प्रभू म्हणायचा.

"आन् तू उडी मारायचं सोडून तोंड वासून बघत बसतूस त्याचं काय?"

मग लाईट येईपर्यंत दोघं महालाला दारं किती असतील यावर भांडत.

पुढं प्रभू शिकायला वसमतला गेला. दिपाली तरीही 'दोन खेळाडू' असंच निवडायची. लाल माणूस हातानं चालवायची, निळा पायाच्या अंगठ्यानं. पुलापर्यंत कसंबसं जमे. मग लाल पार व्हायचा, निळा अलीकडंच राहायचा, आणि ती थांबायची. मेंढरं नेताना वाटेत पाणी लागलं की पुढच्यानं थांबायचं, शेवटचं कोकरू पार झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे ती तिच्या आबांच्या मागं चालत शिकली होती. थांबली की वेळ संपून हरायची. दादानं एकदा यावं आणि निळ्याला पलीकडं न्यावं, एवढंच तिला हवं होतं.

एकदा आबा मेंढा विकायला वसमतच्या बाजाराला निघाले, तेव्हा ती हट्टानं सोबत गेली. प्रभू कॉम्प्युटरच्या दुकानात सापडला.

"दिपे, इकडं ये. हे बघ, खेळ म्हणत्यात ह्याला."

ती बघतच राहिली. गवत वाऱ्यानं हलत होतं. घोड्यावरच्या माणसाला चेहरा होता, सावली होती. प्रभूनं तिला बटणं दाखवली. ती थोडी पुढं गेली आणि टेकडीवर चरणारी मेंढरं दिसताच घोडा तिकडं वळवला.

"अगं, दुश्मन मागून येऊन राहिला. तिकडं काहून चाललीस?"

"मेंढरं मोकळी हाईत, दादा. संगं कुणीच न्हाई."

"ती नुसती दिसायला हाईत, येडे." प्रभू हसला. त्यानं एक बटण दाबलं. "आता ठेवलं जपून. कवाबी आलो तरी इथूनच सुरू. आपल्या त्या डब्यावानी न्हाई."

दिपालीनं पडदाभर नजर फिरवली. "ह्यात माझा माणूस कुठंय?"

"हा एकट्याचा खेळ हाय."

ती हळूच म्हणाली, "तुझा निळा पुलापाशीच अडकतो. येतूस का दिवाळीला? दोघं मिळून नेऊ."

"अजून तेच खेळतीस? त्याला सोडून एकटी जा की पुढं."

"येतूस का?"

"बघू," प्रभू म्हणाला, आणि त्याचे डोळे पुन्हा पडद्याकडं गेले.

लेकरांनो, नव्या खेळांना नावं ठेवू नका. त्यांना सगळं आठवतं, हा मोठाच गुण आहे. जुन्याला काहीच आठवत नसे. म्हणून आठवायचं काम खेळणाऱ्यालाच करावं लागे.

एसटीनं दिपाली घरी आली तेव्हा लाईट होती. तिनं घोंगडी अंथरली, कॅसेटवर फुंकर मारली, 'दोन खेळाडू' निवडलं. हातानं आणि अंगठ्यानं पुलापर्यंत आली. लाल पार झाला. निळा अलीकडं राहिला. यावेळी पुढं रस्ता मोकळा होता आणि डोंगरामागं एक टोकदार कळस दिसत होता. एकटीला जाता आलं असतं.

दिपालीनं लाल माणसाला मागं वळवलं. पूल पुन्हा ओलांडून त्याला अलीकडं आणलं, निळ्याच्या शेजारी उभं केलं आणि रिमोट घोंगडीवर ठेवून दिला.