काचेतला डॉक्टर आणि एदेल्मिराआजीचं बोट

डोंगरातल्या पुंगाल गावच्या गुरुवारच्या बाजारात बटाट्यांची पोती तशीच पडून होती, कारण सगळा गाव मेणबत्त्या विकणाऱ्या विर्हिल्योच्या अंगणात रांग लावून उभा होता. आतल्या खोलीत, लाल भरतकामाच्या पडद्यांच्या मधोमध, मोठ्या काचेत डॉक्टर सेराफीन प्रकट होत. चाळीस वर्षांपूर्वी तापाच्या साथीत रोगी तपासता तपासता ते वारले म्हणे, आणि आता वरूनच तपासतात.

"फोनवरच्या सरकारी डॉक्टरला सात कुलपं," विर्हिल्यो दारात उभा राहून सांगत होता. "आधी नंबर, मग पासवर्ड, मग लिंक, मग पुन्हा पासवर्ड. माझ्या डॉक्टरांना एकही नाही. स्वर्गाला नेटवर्क लागतं का बायांनो? टोपी काढा, मान खाली घाला, दुखणं सांगा. येताना एक कोंबडी आणली की झालं."

रांगेच्या टोकाला दवाखान्याची सिस्टर ओबदुलिया उभी होती. एकोणीस वर्षं ती या डोंगरात इंजेक्शनं देत आली होती. आता तिचा अर्धा दिवस लोकांचे विसरलेले पासवर्ड शोधण्यात जायचा, आणि सात कुलपांबद्दल विर्हिल्यो खोटं बोलत नव्हता, याचाच तिला जास्त राग येत होता.

ती आली होती एदेल्मिराआजीसाठी. साखरेच्या आजाराने आजीच्या डाव्या पायाचं बोट काळं पडत चाललं होतं. शहरातल्या डॉक्टरांची व्हिडिओवरची वेळ अकराची होती, आणि ती तिसरी होती. पहिल्या वेळी फोनने कोड घेतला नाही, दुसऱ्या वेळी आजीकडून लाल बटण दाबलं गेलं. आज चुकली की पुढची तारीख सात आठवड्यांनी, आणि तोवर पायाचं काय होईल हे ओबदुलियाला पक्कं ठाऊक होतं.

"आजी, चला. अकराला डॉक्टर आहेत."

"माझे डॉक्टर आतच आहेत गं. मागच्या गुरुवारी म्हणाले, काळजी करू नका."

"पाय दाखवलात त्यांना?"

"डॉक्टरांपुढे पाय वर करायचा? काही लाज?"

"आणि माझ्याकडचे डॉक्टर काय वाईट आहेत?"

"ते मधेच बंद पडतात. हे थांबतात. माझं बोलणं संपेपर्यंत गप्प ऐकून घेतात."

ओबदुलिया आजीबरोबर आत गेली.

खोलीत सगळ्यांच्या टोप्या हातात आणि नजरा जमिनीवर होत्या. पुंगालमध्ये डॉक्टरांकडे डोळे वर करून बघत नाहीत आणि उलट प्रश्न तर विचारतच नाहीत, ही आजापणजापासूनची रीत. त्यामुळे काचेकडे आजवर कुणी धड पाहिलंच नव्हतं. ओबदुलियाने पाहिलं. पांढरा कोट, हसरा चेहरा, हाताशी निळा कप.

"नमस्कार. मी ऐकतोय, सांगा," डॉक्टर म्हणाले आणि थांबले.

तो निळा कप तिने पाहिला होता. गेल्या वर्षी शहरातल्या प्रशिक्षणात, शेवटच्या बाकावर पेंगताना. कॅमेऱ्याची भीती वाटणाऱ्यांनी सराव करावा म्हणून काढलेला व्हिडिओ होता तो. डॉक्टर एक वाक्य बोलायचे, पेशंटला बोलता यावं म्हणून थांबायचे, मग पुढचं वाक्य. त्याचा पेनड्राइव्ह दवाखान्यात आला तेव्हा तिथला टीव्ही बिघडलेला होता. गावात मोठा टीव्ही एकट्या विर्हिल्योकडे. "लोकांना दाखव रे बाबा," म्हणून तिनेच तो त्याच्या हातात ठेवला होता, आणि पुन्हा चौकशी केली नव्हती.

ती काचेसमोर बसली. "डॉक्टरसाहेब, माझ्या गाईला पंख फुटलेत."

"हं. किती दिवसांपासून?"

"आणि मी स्वतः परवा मेले."

"बरं. जेवण वेळेवर घेता ना?"

मागे कुणीतरी फिस्कन हसलं आणि तोंडावर टोपी धरली.

"थट्टा केली की डॉक्टर कोपतात," विर्हिल्यो पुढे होत म्हणाला.

"काळजी करू नका," डॉक्टर म्हणाले आणि निळ्या कपातून घोटभर प्यायले.

ओबदुलियाला हसू आलं नाही. "आजी, आता तुम्ही विचारा. मान वर करून. मनात आहे तेच विचारा."

आजीने हळूहळू मान वर केली. "डॉक्टर, माझं बोट राहील का?"

"छान. पुढच्या वेळी भेटू."

आजी काचेकडे बघत राहिली. "म्हणजे हे थांबत नव्हते तर," ती हळूच म्हणाली. "यांना ऐकूच येत नव्हतं."

ओबदुलियाने पडदा बाजूला करून टीव्हीमागचा पेनड्राइव्ह ओढला. काच काळी झाली. पेनड्राइव्हवरची चिठ्ठी तिच्याच अक्षरातली होती, ती तिने सगळ्यांना दाखवली आणि स्वतःची चूकही सांगितली. विर्हिल्यो आत्मे कुठेही वास करतात वगैरे बोलू लागला, पण पुढच्या बाईने आपली कोंबडी सोडवून काखोटीला मारली होती.

अकराला दहा मिनिटं कमी होती. ओबदुलियाने शहरातल्या इस्पितळात फोन लावला. "आजीला लिंक जमत नाही. डॉक्टरांनाच माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करायला सांगा. मी शेजारी बसते."

"तशी पद्धत नाही, सिस्टर."

"मग आज पद्धत मोडा. पाय जाईल तिचा."

"बरं, करायला सांगतो."

एवढंच करायचं होतं, आणि ते पहिल्याच वेळी करता आलं असतं. ओबदुलियाला स्वतःची शरम वाटली.

दवाखान्याच्या पायरीवर आजीने हिरवं बटण स्वतः दाबलं. अर्धा गाव मागे उभा होता.

"डॉक्टर, माझं बोट राहील का?"

"आवाज तुटतोय आजी, पुन्हा सांगा. आणि पाय कॅमेऱ्यासमोर धरा. लाजू नका."

आजीने पाय वर केला. डॉक्टरांनी पुष्कळ विचारलं, मग म्हणाले, "बोट जाईल. दुपारच्या गाडीने निघालात तर पाय वाचेल."

आजी रडली. ओबदुलियाने तिची शाल नीट केली आणि लोकांकडे वळली. "काचेत असो की खुर्चीत, डॉक्टरला प्रश्न विचारा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं तर तिकडे माणूस आहे, नाहीतर नुसता टीव्ही. आणि बटण जमत नसेल तर माझ्याकडे या. कोंबडी नको."

गाडीत चढताना आजी म्हणाली, "पण या डॉक्टरांनी वाईटच सांगितलं की गं."

"हो आजी. पण तुमचं ऐकून सांगितलं."