त्या सिनेमातला दोष

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि त्यातली तीन पावसाने दडी मारली होती. तरी क्रीडाशिक्षकांचं शिबिर भरलं, व्हिडिओही भाड्याने आला. दाखवला अमेरिकन फुटबॉलचा सिनेमा. हा फुटबॉल पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात. सिनेमा संपल्यावर प्रत्येकाने उठून त्याचे गुण-दोष सांगायचे, असा साहेबांचा हुकूम होता.

सगळ्यांना त्यातला प्रशिक्षक आवडला. भर उन्हात तो खेळाडूंना पळवतो, पाण्याची बादली लाथेने उलटवतो. एकजण कोसळतो, पण पुढच्याच प्रसंगात उठतो आणि शेवटी सामना जिंकून देतो.

माझी पाळी आली. "सामने झकास घेतलेत," मी म्हणालो. "धडक बसली की आपलंच हाड कळवळतं. दोष एकच. पडलेला उठतो."

सगळे हसले. मला ना हसू आलं, ना रडू. वर्षभर दोन्ही बंद होतं.

मीही तसलाच मास्तर. नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिला खो-खो संघ आमच्या शाळेचा असावा, म्हणून ऐन चैत्रात सराव घेतला. पाण्याने पोट जड होतं, पळणं मंदावतं, हे मी माझ्या गुरुजींकडून शिकलो होतो. भरल्या माठावर ताटली आणि ताटलीवर वीट ठेवायचो. घरूनही पाणी पिऊन यायचं नाही, असं बजावलं होतं. मल्लम्मा सगळ्यांत चपळ. ती खांबाजवळ पडली ती पडलीच. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले. मी नुसती मान हलवली.

शिबिरातून उठलो आणि थेट चाकूरची एसटी धरली. मल्लम्माची आई, उमाबाई, ओसरीवर ज्वारी पाखडत होती. उभ्या उभ्याच तिला सांगून टाकलं, की माठ भरलेला होता, मीच पोरीला पिऊ दिलं नाही.

तिचं सूप थांबलं.

"घरीबी पीत नव्हती," मग ती म्हणाली. "तांब्या पुढं केला तरी नको म्हणायची. आम्हाला वाटलं, टँकर येईना म्हणून पोरगी आमच्यासाठी पाणी राखायली. तिचा बाप तवापासून पोटभर पाणी पेला न्हाई."

तिने आत हाक मारली.

"आवं, भाईर या. सर काय सांगायलेत, ते तुमीबी ऐका."